कार्यानुभवाचा तास कोणी खाल्ला?

पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण हवीत, या नियमावर महाराष्ट्रातले अनेक पालक कुरकुरतात. मूल मागे पडेल म्हणतात. मी राहतो त्या फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचे होते त्या वर्षी पहिलीत जाते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बरीच हाडे अजून नुसती कूर्चा असतात. त्याला चौकटीत अ-आ गिरवायला बसवून काय साधते? त्या वयात हात मातीत, पाण्यात, कागद फाडण्यात तयार होतो.

सरासरी पाहिली तर मुलींची बोटे बारीक कामात लवकर स्थिरावतात आणि मुलगे चेंडू लांब फेकतात. हे फरक आहेतच. पण आपल्याकडे त्यांचा लगेच जन्मस्वभाव होतो: "मुलींचं अक्षर उपजतच चांगलं", "मिक्सर उघडणं पोरांचं काम". मला हे मुळीच पटत नाही. कितीतरी घरांत मुलगी पाचव्या वर्षापासून आईशेजारी बसून कणीक मळते, शेंगा सोलते. भाऊ तेवढा वेळ मैदानावर असतो. दहाव्या वर्षी दोघांच्या हातांत जो फरक दिसतो, त्यात सराव किती आणि निसर्ग किती, हे कशावरून ठरवायचे? शिवाय सरासरी सगळ्या मुलींची असते, तुमच्या एका मुलीची नव्हे.

फिनलंडच्या लोकशाळांत हस्तकला १८६६ सालीच सक्तीची झाली. तरी मुलींना शिवण-विणकाम आणि मुलग्यांना लाकूडकाम, ही वाटणी कितीतरी दशके टिकली. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात कापड, लाकूड, धातू सगळे सगळ्यांना, सातवीपर्यंत. मुलगा शिवणयंत्रावर पिशवी शिवतो, मुलगी करवत चालवते आणि कोणी वळून बघत नाही. वाचनात मात्र इथले मुलगे मुलींच्या बरेच मागे आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते पुन्हा पुन्हा दिसले. तेव्हा सगळे इथून उचला, असे मी म्हणणार नाही.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण चित्राने हात वळत नाही. आपल्याकडे कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात आहे. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो, आणि एकाही पालकाची तक्रार नसते. तक्रार करायचीच तर त्या तासासाठी करा. शाळेत सुई, करवत, पाना मागा, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीला तिन्ही हाताळायला मिळतात का, हे विचारा.