मालमेदीचा खटला सदोष होता, हत्याकांड खोटं नव्हतं

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या मालमेदी गावाजवळ जर्मन सैनिकांनी शरण आलेल्या अमेरिकन कैद्यांना गोळ्या घातल्या, आणि युद्धानंतर अमेरिकनांनी त्याबद्दल खटला चालवला. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मालमेदीच्या आरोपींचे कबुलीजबाब जबरदस्तीने घेतलेले होते, कैदी पळू लागले म्हणून गोळीबार झाला, आणि अमेरिकनांनी केलेल्या अशाच कृत्यांबद्दल कुणी बोलत नाही. यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्याच्या जोरावर तुम्ही दुसरं सिद्ध झाल्यासारखं धरता, तिथे माझा आक्षेप आहे.

आधी तारखा बघा. १७ डिसेंबर १९४४ रोजी दुपारी मालमेदीजवळच्या बोन्ये चौफुलीवर योआखिम पायपर या जर्मन अधिकाऱ्याच्या एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) तुकडीची गाठ अमेरिकेच्या २८५व्या फील्ड आर्टिलरी ऑब्झर्वेशन बटालियनच्या बी बॅटरीशी पडली. शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते हुडकणं हे या बॅटरीचं काम. रणगाड्यांपुढे चालेल असं एकही शस्त्र तिच्याजवळ नव्हतं. शंभरावर माणसं शरण आली, त्यांना रस्त्यालगतच्या शेतात उभं केलं आणि दोननंतर गोळीबार सुरू झाला. ८४ जण मेले. मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्यांपैकी काहीजण नंतर रानाकडे पळाले आणि त्याच दिवशी मालमेदीतल्या अमेरिकन इंजिनिअर तुकडीपर्यंत पोचले. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या या माणसांची हकीकत मुळात एकच होती. ज्या चौकशीवर तुमचा रोख आहे ती जर्मनीतल्या श्वेबिश हालच्या तुरुंगात झाली, डिसेंबर १९४५पासून पुढे. म्हणजे वर्षभरानंतर.

प्रेतांचा पुरावा तर त्याहून बोलका आहे. जानेवारीच्या मध्यात अमेरिकन फौज बोन्येला परतली तेव्हा शेतातली प्रेतं बर्फाखाली गोठून शाबूत राहिलेली होती. प्रत्येकाला क्रमांक दिला, कोण कुठे पडलाय ते नोंदवलं, मग शवविच्छेदन केलं. निदान वीस जणांच्या डोक्यात अगदी जवळून झाडलेली गोळी होती. बहुतेक प्रेतं लहानशा जागेत दाटीने पडलेली होती. गोळ्या सुटल्यावर काहीजण धावले हे खरंच आहे. पण पळणाऱ्यांवरच गोळीबार झाला असता तर प्रेतं शेतभर विखुरली असती. आणि पडलेल्या माणसाच्या डोक्याला बंदूक लावून मारणं पळून जाण्याच्या प्रयत्नात बसतच नाही. जे वाचले त्यांनीही हेच सांगितलं: जर्मन सैनिक प्रेतांमधून फिरत होते, लाथा मारून बघत होते, हलला की गोळी.

आता खटला. इथे मी तुमच्या बाजूने बोलणार आहे, कारण त्याचे दोष झाकण्यात काहीच अर्थ नाही. काही कैद्यांना डोक्यावरून टोपडं ओढून खोलीत आणायचे. समोर काळं कापड घातलेलं टेबल, त्यावर मेणबत्त्या आणि क्रूस. एक अधिकारी फिर्यादी व्हायचा, दुसरा कैद्याचा कैवारी. हा खोटा खटला झाला की त्या ‘कैवाऱ्या’वर भरवसा ठेवून पोरगा जबानी लिहायचा. (बरेच आरोपी विशीच्या आसपासचे होते.) अशी नाटकं केल्याचं अभियोग पक्षानेही नाकारलं नाही. मग १६ मे १९४६पासून जर्मनीतल्या डाखाउला अमेरिकन लष्करी न्यायालयात ७४ जणांवर एकत्रच खटला चालला, प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पाटी. एकाची जबानी दुसऱ्याला बाधायची. एकाला मध्येच वगळलं, आणि शेवटी उरलेल्या ७३ जणांच्या दोषाचा निवाडा न्यायाधीशांनी २ तास २० मिनिटांच्या विचारविनिमयात केला. म्हणजे माणशी दोन मिनिटंसुद्धा नाहीत! ४३ जणांना फाशी, २२ जणांना जन्मठेप.

मात्र ‘१३९पैकी १३७ कैद्यांची वृषणं कायमची निकामी केली’ हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं उचललंय, ते टिकत नाही. मालमेदी खटल्यात आरोपीच ७४ होते. १३९ हा आकडा डाखाउच्या सगळ्या खटल्यांमधल्या, सिम्प्सन आयोगापुढे (या खटल्यांच्या फेरतपासणीसाठी अमेरिकन लष्कराने नेमलेला आयोग) आलेल्या फाशीच्या शिक्षांचा. आयोगाचे एक सदस्य व्हॅन रोडन यांच्या नावाने छापलेल्या लेखात तो दावा आला, आणि आपण तो लेख लिहिलेला नाही असं त्यांनी पुढे मालमेदी प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सिनेट उपसमितीला सांगितलं. १९४९ला, शिक्षा झालेले कैदी जिथे होते त्या लांड्सबर्ग तुरुंगात, डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हाही या दाव्याला आधार मिळाला नाही. मारहाण मुळीच झाली नाही, असा याचा अर्थ मी काढत नाही.

चौकशीच्या आणि खटल्याच्या या पद्धतींची किंमत कुणी मोजली? १९४८ला जर्मनीतले अमेरिकेचे लष्करी गव्हर्नर जनरल क्ले यांनी १३ जणांना सोडलं आणि फाशीच्या ४३ शिक्षांपैकी १२च कायम ठेवल्या. बचावाचे वकील विलिस एव्हरेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ४-४ अशी बरोबरी झाली. त्या १२ फाशींपैकी सहा आधीच कमी झाल्या होत्या, १९५१ला उरलेल्या सहांची जन्मठेप झाली. फासावर एकही गेला नाही. पायपर स्वतः डिसेंबर १९५६ला सुटला. हुकूम कुणी दिला, पहिली गोळी कुणाची, हे पक्कं ठरवण्याची संधी त्या मेणबत्त्यांच्या खोलीत वाया गेली. मेलेल्यांच्या घरच्यांवर तो अन्यायच होता.

राहिला अमेरिकनांचा मुद्दा. तो रास्त आहे. एसएस आणि छत्रीधारी सैनिकांना कैद करू नये असा लेखी हुकूम २१ डिसेंबर १९४४ला अमेरिकेच्या ३२८व्या इन्फंट्री रेजिमेंटमध्ये निघाला होता. १ जानेवारी १९४५ रोजी बेल्जियममधल्या शेनोन्य गावात अमेरिकेच्या ११व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या सैनिकांनी शरण आलेल्या जर्मनांना मारलं. अमेरिकन सेनापती जनरल पॅटन यांनी ४ जानेवारीच्या रोजनिशीत कैद्यांना गोळ्या घातल्याचं नमूद केलं आणि ते दडपता येईल अशी आशाही लिहून ठेवली. शेनोन्यसाठी कुणावरही खटला भरला गेला नाही.