धाव कुणाची: पळणाऱ्याची की टोलवणाऱ्याची?

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या चहाच्या दुकानाबाहेर पुन्हा बेसबॉलचा तोच वाद पेटला. भाऊ म्हणाला, "२०२५ च्या मोसमात डॉजर्सच्या ओतानीने १४६ धावा केल्या, म्हणजे १४६ वेळा सगळे बेस फिरून घरी, होम प्लेटवर, आला. कुणी जवळ तरी आलं का? यँकीजचा जज १३७ वर थांबला."

काकांनी मान हलवली. "त्यातले होम रन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे, ५५. तेवढ्याच त्याच्या. उरलेल्या ९१ धावा मागच्यांच्या बॅटवर आल्या. खरा आकडा आरबीआय, म्हणजे आपल्या बॅटवर किती धावा घरी आणल्या!"

"मग ब्रेव्ह्जच्या अकुन्याचं काय कराल?" वहिनींनी विचारलं. "२०२३ मध्ये १४९ धावा, होम रन फक्त ४१. पण ७३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळाला! तो पहिल्या बेसवर आला की चेंडू टाकणाऱ्या पिचरचं अर्धं लक्ष त्याच्याकडे. दुसरा बेस चोरला की साध्या एका बेसच्या फटक्यावर घरी."

"बेस मोठे केले होते ना त्या वर्षी, १५ इंचांचे १८, म्हणून चोरी सोपी," काका म्हणाले. "आणि त्याच्यामागून बॅटिंगला कोण होतं? ब्रेव्ह्जने मिळून ३०७ होम रन मारले. एकट्या ऑल्सनचे ५४!"

"मग ऑल्सनचे १३९ आरबीआय आले कुठून, काका? बेसवर कुणी नसेल तर होम रनचा आरबीआय एकच," वहिनी म्हणाल्या.

इथे मला राहवेना. आरबीआयची ही भक्ती किती जुनी आहे, आणि तिने कुणाकुणावर अन्याय केलाय! १९८५ चे यँकीज घ्या, काकांचाच लाडका संघ. रिकी हेंडरसनने १४३ सामन्यांत १४६ धावा केल्या. सामन्यांपेक्षा धावा जास्त! ८० बेस चोरले, ९९ वॉक मिळवले (पिचरचे चार चेंडू बाहेर पडले की फुकटचा पहिला बेस), वर २४ होम रन. त्याच संघात मॅटिंग्लीचे १४५ आरबीआय. एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वात मोलाचा खेळाडू, कोण? मॅटिंग्ली. रिकी तिसरा.

"मॅटिंग्लीला नावं ठेवायची नाहीत," काका तडकले.

नावं ठेवतच नाही. मॅटिंग्ली थोरच. पण बॅट हातात घेताना त्याला दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रिकी आयता मिळायचा, हे मतं देणाऱ्यांना दिसलंच नाही. वॉक घेऊन पहिला बेस, चोरी करून दुसरा. ९० फुटांचे दोन टप्पे, आणि मागच्या फलंदाजाने अजून चेंडूला बॅटही लावलेली नसते.

"अरे, पण २००१ मध्ये जुन्या काळच्या टाय कॉबचा कारकिर्दीतल्या २२४५ धावांचा विक्रम रिकीने मोडला तो होम रन मारूनच ना?" काकांनी शेवटचा पत्ता टाकला.

"हो," वहिनी म्हणाल्या, "आणि होम रन असूनही होम प्लेटवर घसरतच आला. धाव तिथे पूर्ण होते, काका. भिंतीपलीकडे नाही."

काका आरबीआय सोडायला तयार नाहीत. पण १९८५ चं माझं मत आजही रिकीलाच.