सोडियमचा अणू, उद्या सकाळी आठपर्यंत

विज्ञान प्रदर्शनासाठी घरात अणू बनवायची वेळ आली, तर माझा पहिला सल्ला असा: हायड्रोजन घ्या. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉनची भानगड नाही. दहाच्या आत सगळे झोपतात. पण हा सल्ला कोणी मानत नाही. टेबलावर ठेवलेला हायड्रोजन फार गरीब दिसतो. मग सोडियम ठरतो, आणि 'सोडियम' हा शब्द रात्री नऊच्या सुमारास 'उद्या आठला न्यायचाय' या वाक्याला जोडूनच कानावर पडतो.

सोडियम म्हणजे 11 प्रोटॉन, 12 न्यूट्रॉन आणि 11 इलेक्ट्रॉन. गोळे एकूण 34, कड्या (म्हणजे इलेक्ट्रॉनांची कवचं) 3, त्यांवर 2, 8 आणि 1. बारा न्यूट्रॉन कुठून आले, हे घरातलं कोणीतरी विचारणारच. अणुवस्तुमानांक 23, त्यातून अणुअंक 11 वजा केला की सुटलात. पोटॅशियम मात्र चुकूनही हाती घेऊ नका. तिसऱ्या कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात हे पाठ असतं, म्हणून पोटॅशियमचे 19 इलेक्ट्रॉन 2, 8, 9 असे ओवले जातात. खरी मांडणी 2, 8, 8, 1 अशी आहे, कारण तिथे तिसऱ्या कवचातल्या डी उपकवचापेक्षा (उपकवच म्हणजे कवचातला पोटकप्पा) चौथ्यातलं एस उपकवच ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं. हे साडेदहाला लक्षात येतं, तेव्हा चौथ्या कडीपुरती तार उरलेली नसते.

तारेचा हिशेब आधी करावा. कड्यांच्या त्रिज्या 5, 10 आणि 15 सेंटिमीटर धरल्या, तर परीघ 31.4, 62.8 आणि 94.2. जोडासाठी प्रत्येकी 2 सेंटिमीटर धरून बेरीज 195 च्या आतबाहेर. अडीच मीटर घ्या. अ‍ॅल्युमिनियमची तार हाताने सहज वळते, पण 30 सेंटिमीटर व्यासाची कडी उचलली की ती लंबगोल होते. (इलेक्ट्रॉनच्या लंबगोल कक्षा 1916 मध्ये सोमरफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने मांडल्या होत्या, हे हरकत घेणाऱ्याच्या तोंडावर फेकायला ठीक आहे.) त्यापेक्षा दीड मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड लोखंडी तार बरी. ती एखाद्या गोल डब्याभोवती गुंडाळायची, आणि डबा हव्या व्यासापेक्षा थोडा लहान निवडायचा. हात सोडला की तार उघडते.

मणी आधी ओवायचे, टोकं नंतर जोडायची. क्रम उलटा झाला तर 8 मण्यांचे 16 अर्धे करून चिकटवण्यात रात्र जाते. आणि क्रम बरोबर असला तरी कडी उभी केल्याबरोबर आठही इलेक्ट्रॉन घरंगळत तळाशी जाऊन बसतात. एकमेकांना दूर ढकलायचं त्यांचं कर्तव्य, पण गुरुत्वाकर्षणापुढे ते सपशेल विसरतात. उपाय पकडीत आहे: 45-45 अंशांवर खुणा करायच्या आणि प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना तारेला किंचित मुरड घालायची. गोंदाचा थेंब दिसायला सोपा, पण गुळगुळीत तारेवर तो सकाळपर्यंतच टिकतो, आणि सकाळीच तर नेमका अणू न्यायचा असतो.

आता केंद्रक. एक सेंटिमीटरचे थर्माकोलचे 23 गोळे एकत्र केले की साडेतीन सेंटिमीटरचा गड्डा तयार होतो. इथे माणसाचा खरा कस लागतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. त्यात बहुतेक भाग हवा. चपला-बुटांना लावतात तो रबरी गोंद किंवा स्प्रे पेंट यांतली द्रावकं त्याला सरळ विरघळवतात. गोळा गोंदाच्या थेंबाखाली आत-आत जाऊ लागतो आणि समोर उरतो एक चिकट खळगा. नायट्रोजनच्या केंद्रकातून प्रोटॉन बाहेर काढायला रदरफर्ड या शास्त्रज्ञाला अल्फा कण (म्हणजे हेलियमची वेगवान केंद्रकं) लागले. इथे नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं अ‍ॅसिटोन पुरे. गरम गोंदाची बंदूकही त्याच पंथातली: पॉलिस्टायरिन 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि बंदुकीतला गोंद त्याहून बराच तापलेला असतो. पांढरा गोंद पाण्याचा, म्हणून निर्धोक, पण दोन गोळ्यांच्या मधलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. तो वाळायला रात्रभर लागते आणि तोवर प्रोटॉन एकमेकांवरून सरकत राहतात. म्हणून टूथपिकचे तुकडे. एक गोळा मधे, बाकीचे त्याच्यावर आणि एकमेकांवर टोचत जायचं, जोडीला पांढरा गोंद. खऱ्या केंद्रकात प्रोटॉनांना एकत्र धरायचं काम प्रबळ केंद्रकीय बल करतं. त्याचा आवाका जेमतेम केंद्रकाएवढा. टूथपिकचाही तेवढाच.

रंगावरून होणारी भांडणं मला पटत नाहीत. प्रोटॉन लाल की निळा, यावर कोणी रडू नये. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर आणि सोडियमचा अणू सुमारे 0.37 नॅनोमीटरचा, एकट्या अणूला पृष्ठभागाचा रंग असण्याचा प्रश्नच येत नाही. रसायनशास्त्रातले ठरीव रंग आले ते वेगळ्या कामासाठी. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी 1865 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून रेणू केले: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल. जगभरची पुस्तकं बऱ्याच अंशी तीच रंगसंगती चालवत आली आहेत. मागच्या बाकावरून वाचता यावं एवढाच त्यातला गाभा. तेव्हा घरात जो रंग उरला असेल तो प्रोटॉनचा.

साडेअकरापर्यंत कड्या, मणी आणि गड्डा तयार असतात. मग पुठ्ठ्यावर नाव लिहायची वेळ येते आणि खरी पंचाईत इथेच आहे. हा अणू कोणाचा?

रदरफर्डचा म्हणावं, तर 1911 च्या त्याच्या लेखात मध्यभागी एकवटलेला प्रभार आहे. कवचांवर 2, 8, 1 असे मणी मोजून बसवलेले नाहीत. त्याच्या हाताखाली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके डोळ्यांनी मोजत होते. 1909 मध्ये त्यांना दिसलं, की धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या सुमारे 8000 अल्फा कणांत एखादा मागे फिरतो. त्या एकाच्या हट्टापायी केंद्रक मानावं लागलं. पण रदरफर्डच्या अणूतला फिरता इलेक्ट्रॉन जुन्या नियमांप्रमाणे सतत ऊर्जा सांडत आत कोसळायला हवा. हायड्रोजनसाठी हिशेब केला, तर सेकंदाचे एक लाख कोटी भाग करून त्यांतल्या 16 भागांत खेळ खलास. आपला गोंदाचा अणू त्या मानाने दीर्घायुषी.

मग बोरचा म्हणू. 1913 मध्ये नील्स बोरने ठरावीक कक्षाच चालतील असं ठरवून टाकलं, आणि हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा चोख जुळल्या; 656 नॅनोमीटरची लाल रेषा म्हणजे तिसऱ्या कक्षेतून दुसरीत मारलेली उडी. कड्या सापडल्या! पण बोरकडे न्यूट्रॉन नाहीत. ते जेम्स चॅडविकला 1932 मध्ये मिळाले. आणि तोपर्यंत, 1926 मध्येच, श्रोडिंगरचं समीकरण आणि बोर्नचा संभाव्यतेचा अर्थ (इलेक्ट्रॉन नेमका कुठे हे नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगणारा) येऊन पदार्थविज्ञानातून कड्या हद्दपार झाल्या होत्या. कड्या होत्या तेव्हा न्यूट्रॉन नव्हते, न्यूट्रॉन आले तेव्हा कड्या नव्हत्या. जगातल्या यच्चयावत प्रदर्शनांत ठेवला जाणारा हा लाल-निळ्या गड्ड्याचा आणि तारांच्या कड्यांचा अणू इतिहासातल्या कोणत्याही एका वर्षाचा नाही.

मला त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याखाली 'अणूची रचना' असं ठणकावून लिहिण्याबद्दल. रसायनशास्त्रज्ञ डाल्टनने 1808 मध्ये आपलं पुस्तक काढलं तेव्हा त्याचा अणू नुसता गोळा होता आणि पाण्याचा रेणू तो एका हायड्रोजनचा न् एका ऑक्सिजनचाच मानत होता. तरीही संयुगांतली वजनांची प्रमाणं पूर्णांकांत का येतात, याचं उत्तर त्या गोळ्याने दिलं. रासायनिक समीकरण जुळवायला आजही तोच गोळा लागतो. तिथे श्रोडिंगरला बोलावणं म्हणजे खिळा ठोकायला क्रेन मागवणं. बंध समजवायचे तर कवचं हवीत, हायड्रोजनच्या रेषा हव्यात तर बोर, आणि रेणूंचे कोन हवेत तर कड्या सोडाव्याच लागतात. तेव्हा पुठ्ठ्यावर लिहायचं: 'सोडियम, कवचनिहाय इलेक्ट्रॉन मांडणी. अंतरं आणि आकार प्रमाणात नाहीत.' दुसरं वाक्य मोठ्या अक्षरांत.

कारण प्रमाणाचा प्रश्न कोणीतरी हुशार परीक्षक विचारतोच. सोडियमच्या केंद्रकाचा व्यास साधारण 7 फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग), अणूचा 0.37 नॅनोमीटर; दुसरा पहिल्याच्या पन्नास हजार पटींहून मोठा. आपला गड्डा साडेतीन सेंटिमीटरचा असेल, तर बाहेरची कडी जवळपास दोन किलोमीटर व्यासाची हवी. वजनाचंही तेच. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड. प्रोटॉनचा गोळा एक किलोचा केला तर इलेक्ट्रॉन अर्ध्या ग्रॅमचा. बोरच्या हायड्रोजनमध्ये कक्षांच्या त्रिज्या 1, 4, 9 अशा वाढतात. पहिली कडी 5 सेंटिमीटरची असेल तर तिसरी 45 ची. आपल्या 5, 10, 15 ला शास्त्राचा आधार नाही, टेबलाच्या रुंदीचा आहे.

आणखी एक हमखास प्रश्न: 'इलेक्ट्रॉन फिरतोय ना?' इथे मोटर बसवण्याचा मोह आवरावा. मोटर बसवली की तार हलते, मणी सुटतात, आणि 1926 नंतर ज्याला नेमका मार्गच उरलेला नाही त्याला आपण बॅटरीवर गरगर फिरवत बसतो. त्याऐवजी शेजारी एक कागद ठेवा: मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जाणारे पेनाचे ठिपके. हा हायड्रोजनचा सर्वांत खालच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन. 0.14 नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलात तो सापडण्याची शक्यता सुमारे 90 टक्के. म्हणून त्या गोलाची रेघ आखली, तर 100 ठिपक्यांतले दहाएक तिच्याबाहेर पडले पाहिजेत. मुलं ते हमखास आत ढकलतात. बाहेरचा ठिपका त्यांना चूक वाटतो.

खरं तर हातात एखादा दिवस असेल तर मी तारा-मणी सगळं फेकून जे. जे. थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाचा अणू करायला सांगेन. बिचाऱ्याची 'प्लम पुडिंग' (मनुका पेरलेलं गोड पक्वान्न) म्हणून थट्टा होते, पण 1904 च्या त्याच्या अणूत धनप्रभाराच्या गोलात इलेक्ट्रॉन कड्या-कड्यांनी फिरतात, आणि अशा कड्या आपोआप कशा पडतात हे दाखवायला त्याला आल्फ्रेड मेयरच्या 1878 च्या प्रयोगाचा आधार होता. शिवणाच्या सुया एकाच चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने घासायच्या. बुचाच्या पातळ चकत्यांतून त्या उभ्या टोचून पसरट, बिनलोखंडी भांड्यातल्या पाण्यावर सोडायच्या, सगळ्यांचं सारखंच टोक वर. मग विरुद्ध ध्रुव खाली करून मोठा चुंबक वरून हळूहळू खाली आणायचा. तीन सुयांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. पाचांचा बहुधा पंचकोन, आणि सहावी टाकली की एक मधे जाते, पाच बाहेर राहतात. कोणी काही चिकटवलेलं नसतं. बिघाड दोनच: एखादी सुई उलटी घासली गेली तर ती शेजारणीला जाऊन बिलगते, आणि पाणी काठापेक्षा खाली असेल तर चकत्या भांड्याच्या कडेला चिकटतात. पाणी काठोकाठ भरलं की दुसरा बिघाड जातो. या मॉडेलचा अणू चुकीचा आहे, पण ते स्वतः काहीतरी करून दाखवतं. आमचा सोडियम नुसता लटकतो.

लटकतो, म्हणजे तो न्यायचाही लटकलेलाच. तिन्ही कड्या आणि गड्डा एकाच नायलॉनच्या दोऱ्यात वरून ओवून घ्या, वेगवेगळे दोरे बांधले तर वाटेत त्यांचा पीळ पडतो. खोकं आतून 35 सेंटिमीटरचं हवं, आणि झाकणाला पाडलेल्या भोकातून दोरा बाहेर काढून वर काडी बांधायची, म्हणजे अणू तळाला टेकत नाही. सगळ्यांत बाहेरच्या कडीवरचा एकुलता इलेक्ट्रॉन या प्रवासात बहुधा गळतोच. शोधत बसू नये. सोडियम तो इलेक्ट्रॉन सहज देतो, हा तर धड्यातलाच मुद्दा. पुठ्ठ्यावर नावापुढे 'आयन' लिहायचं, वर एक अधिकचं चिन्ह काढायचं आणि अणू टेबलावर ठेवून द्यायचा.