पापण्यांची लावणी

आमच्या सासूबाईंच्या चेहऱ्याला दोन बाजू आहेत. हे मी सून म्हणून बोलत नाही, कुणालाही दिसतं. त्यांच्या उजव्या डोळ्याला काचबिंदू आहे, म्हणून गेली चार वर्षं रोज रात्री मालिका संपली की उजव्या डोळ्यात एक थेंब. डावा ठणठणीत, त्याला काही नाही. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांची उजवी पापणी लांब, दाट, काळीभोर, टोकाशी वर वळलेली. डावीवर चार पांढरट केस. उजवीकडून पाहिलं तर नवरी, डावीकडून पाहिलं तर नवरीची आजी.

माझ्या दोन्ही पापण्या त्यांच्या डावीसारख्या.

त्यांना मात्र या वैभवाचं काडीचं कौतुक नाही. "चष्म्याच्या काचेला घासतात गो मेल्या. जरा कात्रीने उडवून टाक." कात्री हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि माझा हातच चालेना. दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

औषधाचं नाव बिमॅटोप्रॉस्ट. मूळचं डोळ्यातला दाब कमी करणारं, अमेरिकेत 2001 मध्ये मंजूर झालेलं. पेशंटच्या पापण्या वाढायला लागल्या आणि डिसेंबर 2008 मध्ये तेच, 0.03 टक्क्यांचं, पापण्यांसाठी म्हणून पुन्हा मंजूर झालं. लोणचं घालायला बसावं आणि खारच जास्त खपावा, तसं.

"मग घरात बाटली आहेच की," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान वर केली. दुसऱ्याची डोळ्याची बाटली वापरायची नाही, जंतू जातात. वर आजींचा डोस चोरायचा का? मी ओशाळले. त्यांनी माझ्या डोळ्यांचा दाब तपासला, थायरॉइडबद्दल विचारलं, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता संकटांची यादी वाचली. खाज येईल, डोळे लाल होतील, पापणीची कड काळपट पडेल. जिथे औषध वारंवार ओघळेल तिथे केस येतील. आणि क्वचित बुबुळाचा रंग तपकिरी होतो, तो परत जात नाही.

इथे माझ्या पोटात गोळा आला. मी घारी. माहेरून आणलेली नजरेत भरण्यासारखी तेवढी एकच गोष्ट. 'मुलगी घारी आहे हो' एवढ्यावर आमचं लग्न जमलं होतं. घरी जाऊन सासूबाईंना खिडकीत बसवलं आणि मोबाईलची बॅटरी मारून त्यांचे डोळे पाहिले. त्याही घाऱ्याच. डावं बुबुळ अजून मधासारखं, उजवं चहासारखं. "थेंब आत पडतो तेव्हा ती भीती जास्त, कडेला लावलं तर कमी," असं डॉक्टर म्हणाले होते. कमी म्हणाले होते, नाही असं नव्हतं म्हणाले.

तरी सुरू केलं. चेहरा धुवायचा, लेन्स काढायच्या, बारक्या ब्रशवर एक थेंब घ्यायचा आणि फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी, काजळाची रेघ ओढावी तसा फिरवायचा. ब्रश फेकायचा, दुसऱ्या डोळ्याला नवा. खाली लावायचं नाही, डोळा मिटला की जे लागायचं ते लागतं. हे सगळं चाळिशीच्या चष्म्याशिवाय करायचं, कारण चष्मा घातला तर ब्रश जाणार कुठून? पहिल्याच रात्री थेंब गालावर ओघळला. गालावर दाढीचा एकच झुपका घेऊन मी हळदीकुंकवाला गेले आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. साडेबारापर्यंत टिश्यूने गाल टिपत बसले. नवरा कूस बदलून म्हणाला, "रडतेयस का? मी काय केलं आता?"

सकाळी डोळे लालभडक. ऑफिसात शेजारच्या टेबलवालीने काही न विचारता चहा आणून ठेवला आणि स्वतःच्या सासूच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. तीन दिवस मी त्या ऐकल्या. खरं सांगायची सोयच नव्हती.

पूर्ण परिणामाला सोळा आठवडे. तेवढ्यात हळव्या भाताची लावणी होऊन कापणीसुद्धा उरकते. शेतकरी निदान बांधावरून पीक बघू शकतो, मी मोठं करून दाखवणारा आरसा घेऊन रोज तीच चार रोपं मोजत होते. आणि लावणं थांबवलं की काही महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. पी हळद अन् हो गोरी म्हणतात, इथे हळद जन्मभर पीत राहायचं.

पण आलं पीक! चौदाव्या आठवड्यात पापण्या चष्म्याला लागल्या. नवऱ्याच्या समोर मी तीनदा डोळे मिचकावले. त्याने पंखा कमी केला.

सासूबाईंनी मात्र पोळी वाढता वाढता माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा. त्यांचा चेहरा उतरला.

"अगो, दोन्ही डोळ्यांना?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अरे, हिच्यासाठी डॉक्टरांची वेळ घे आजच. हिलाही काचबिंदू झालाय."