'स्लीप वॉक' हवाईची नाही, आणि बाकीच्यांनी वाजवली ती नक्कल नाही

स्टील गिटारची (मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारची) आवड असलेल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. सोबत सॅन्टो आणि जॉनी या भावांच्या 'स्लीप वॉक'ची क्लिप असते. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: ही हवाई बेटांवरची जुनी लोकधून आहे, रिची व्हॅलेन्स या तरुण गायकाची ती लाडकी होती, तिच्यात चार साधे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) आहेत, बाकी सगळी करामत स्टीलची, आणि म्हणून स्टीलवर वाजली तीच खरी, शॅडोज या इंग्लिश बँडपासून गिटारवादक जो सॅट्रियानीपर्यंत इतरांनी वाजवली त्या नकला, कारण पडद्यांच्या गिटारवर ते रडणं उतरतच नाही.

मला हा मजकूर तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. तिघेही कानाचे तयार आहेत, म्हणूनच उत्तर लिहायला बसले.

आधी हवाईचं. वाद्य हवाईचं, यात वाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडी तुकडा सरकवण्याची पद्धत बसवली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन वादकांनी अमेरिकेला तिचं वेड लावलं. पण धून कुठली? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली. सॅन्टो आणि जॉनी फरीना हे इटालियन वंशाच्या घरातले. वडील दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. ओक्लाहोमाला असताना त्यांनी रेडिओवर स्टील गिटार ऐकली आणि घरी पत्र लिहिलं की मुलांनी हे वाद्य शिकावं. तिथून सुरुवात. १९५९ मध्ये कॅनेडियन-अमेरिकन या लहानशा कंपनीने रेकॉर्ड काढली, आणि सप्टेंबरमध्ये ती दोन आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. तेव्हा सॅन्टो २१ वर्षांचा होता आणि जॉनी १८ चा. संगीतकार म्हणून दोघांबरोबर त्यांच्या बहिणीचं, ॲनचंही नाव लागतं. ज्या धुनेच्या कर्त्यांची नावं रेकॉर्डवर छापलेली आहेत तिला लोकधून म्हणणं म्हणजे त्या तिघांचं श्रेय काढून घेणं आहे. ते मला मान्य नाही.

रिची व्हॅलेन्सचा मुद्दा दोन तारखांत संपतो. विमान अपघातात तो गेला ३ फेब्रुवारी १९५९ ला. 'स्लीप वॉक' लोकांच्या कानावर आली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. त्याच्या आयुष्यावरच्या १९८७ च्या 'ला बाम्बा' चित्रपटात शेवटाकडे ही धून वापरली आहे, आणि इतकी चपखल वापरली आहे की पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही कायमचं जोडलं जातं. गैरसमज तिथून आला असणार.

आता चार साध्या कॉर्डचं. हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे धुनेचं वर्मच हातातून निसटतं.

पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन प्रेमगीतांत कॉर्डची एक ठरलेली चाल होती: सी, ए मायनर, एफ, जी. शेकडो गाणी या चौकटीत बसली. 'स्लीप वॉक'मध्ये तीच चौकट आहे, फक्त तिसऱ्या जागी एफ मेजरऐवजी एफ मायनर येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सी हा षड्ज धरा. एफ मेजरमध्ये शुद्ध धैवत असतो, एफ मायनरमध्ये कोमल. म्हणजे ए मायनरमधला शुद्ध ध, मग एफ मायनरमधला कोमल ध, मग जीचा पंचम: ध, कोमल ध, प अशी एक उतरती वाट कॉर्डच्या पोटात चालू राहते. पेटी असेल तर डाव्या हाताने षड्ज धरा आणि उजव्या हाताने हे तीन स्वर सावकाश वाजवा. पोटात जे कालवतं ते या एका स्वराने. एफ मेजर लावून तीच धून वाजवून पाहा, ती लगेच इतर शेकडो गाण्यांसारखी वाटायला लागते. चार कॉर्ड आहेत हे खरं. त्यांना साधे म्हणणाऱ्याने तिसरा ऐकलेला नाही.

उरला मुख्य आरोप, नकलेचा.

स्टीलवर बार, म्हणजे तारांवर सरकवायचा तो लोखंडी तुकडा, कुठे थांबवायचा हे सांगणारा उंच पडदा नाही, पडद्यांच्या जागी नुसत्या रेषा असतात. मी हवाईयन गिटार शिकायला लागले तेव्हा पहिले कित्येक दिवस एकच काम होतं: बाराव्या पडद्याच्या रेषेवर बार ठेवायचा आणि तार छेडायची. रेषेच्या बरोबर डोक्यावर ठेवला तर स्वर लागतो. केसभर पुढे गेला की चढतो, मागे राहिला की पडतो, आणि ते लपवायला जागा नसते. मग त्याच जागी बार किंचित मागेपुढे डुलवायचा, की स्वराला आंदोलन येतं. बारच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर टेकलेली हवीत, नाहीतर तार बारच्या दोन्ही बाजूंनी वाजते आणि गोंगाट होतो. हे सगळं जमल्यावर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधला प्रत्येक कण ऐकू येतो. सॅन्टोच्या वाजवण्यात हे इतकं सहज आहे की ऐकणाऱ्याला हात दिसतच नाही.

पण म्हणून पडद्यांच्या वाद्यावर मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर ही अशी घसरण, येत नाही? हे वाक्य मराठी माणसाने पुढे पाठवावं याचं मला खरंच वाईट वाटलं. सतारीला पडदे असतात. त्याच पडद्यांवर तार बाजूला खेचून सतारिये एका पडद्यातून चार-पाच स्वर काढतात, आणि त्या मींडेला आपण डोळे मिटून दाद देतो. इलेक्ट्रिक गिटारवर बोटाने तार वर ढकलतात, तत्त्व तेच. शिवाय गिटारच्या पुलाला, म्हणजे खालच्या बाजूला तारा जिथे टेकतात त्या पट्टीला, जोडलेला एक दांडा असतो. तो दाबला की तारांचा ताण उतरतो आणि स्वर खाली सरकतो. बार नसला तरी पडद्यांच्या मधल्या जागेत जायच्या वाटा आहेत, आणि प्रत्येकाने आपली शोधली आहे.

शॅडोजनी १९६१ मध्ये ही धून आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतली. त्यांचा गिटारवादक हँक मार्विन, त्याचा हात त्या दांड्यावर असतो. स्वर लागून गेल्यावर तो त्याला हलकेच थरथरवतो. सॅन्टोचा स्वर सरकत येतो, हँकचा आधी लागतो आणि मग हलतो. भाव वेगळा आहे: सॅन्टोकडे झोप न येणारी रात्र, हँककडे पहाटेचा गारवा. चेट ॲटकिन्सनेही ती रेकॉर्ड केली. त्याची शैली अशी की अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं चाल गातात. डॅनी गॅटनने १९८७ मध्ये टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली. तार ओढून सुरात आणणं ही त्याची खासियत. लॅरी कार्लटनने तर १९८२ च्या अल्बमलाच हे नाव दिलं आणि धून जॅझच्या अंगाने नेली. जेफ बेकची १९८५ ची आहे. जो सॅट्रियानीने २००२ मध्ये रॉबर्ट फ्रिपला सोबत घेऊन वाजवली. ती मला फारशी भिडत नाही, चकाकी जास्त वाटते, पण नक्कल ती नक्कीच नाही.

ब्रायन सेट्झरवर थोडं थांबते. १९९८ च्या 'द डर्टी बूगी'मध्ये मोठ्या वाद्यवृंदाचा दणका आहे. त्या गर्दीत ही धून येते आणि सगळं एकदम शांत होतं. ग्रेच गिटारवर, दांडा जपून वापरत, सेट्झर मूळ चालीला धक्का न लावता वाजवतो, आणि मग मधल्या जागेत जॅझचे भरलेले कॉर्ड घेऊन स्वतःचं काही सांगून परत येतो. आपल्याकडे बंदिश तीच ठेवून गवई उपज करतो, तसं. या वादनाला ग्रॅमी मिळालं. पुरस्काराने काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण ४० वर्षं जुनी धून पुन्हा नव्याने ऐकली जाते तेव्हा वाजवणाऱ्याने तिच्यात जीव ओतलेला असतो.

एक गोष्ट स्टीलची आहे आणि ती मी कबूल करते. बार दोन-तीन तारांवर एकदम ठेवून सरकवला की सगळे स्वर बरोबरीने सरकतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. पडद्यांच्या गिटारवर दोन तारा एकदम ओढल्या तर एक जास्त चढते, एक कमी. दांडा दाबला तरी प्रत्येक तार सारखी उतरत नाही. त्यामुळे जोडस्वरांची ती सलग घसरण बाकीच्यांना बदलावी लागते, टाळावी लागते किंवा तोडून वाजवावी लागते. मजकूर लिहिणाऱ्याने एवढंच म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती.

पण बारची मर्यादाही तिथेच आहे. तारांचे सूर पायाने बदलायचं पेडल नसलेल्या स्टीलवर बार सरळ ठेवला तर जे सूर जुळवून ठेवलेत तेवढेच कॉर्ड निघतात. मेजरचा मायनर करायला बार तिरका धरावा लागतो किंवा एखाददुसऱ्या तारेवर भागवावं लागतं. मग 'स्लीप वॉक'मध्ये तो एफ मायनर भरभरून ऐकू येतो तो कुठून? हेडफोन लावून १९५९ चं मूळ रेकॉर्डिंग ऐका, स्टीलकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. मागे एक गिटार संथपणे, एकही ठोका न चुकवता कॉर्ड देते आहे. ती धाकट्या जॉनीची आहे, साधी, पडद्यांची.