पाच अवतरणं म्हणजे पूर्ण गुण?

परीक्षा जवळ आली की बडोद्यातल्या मराठी पालकांच्या गटांत एक संदेश फिरू लागतो: "निबंधात निदान पाच अवतरणं घाला. सुरुवात अवतरणानेच करा. ओळ वेगळी, रंगीत पेनाने लिहा. थोरांच्या शब्दांना स्पष्टीकरण लागत नाही." या सल्ल्याने मुलांचं लिहिणं बिघडतं.

आधी पाचाचा हिशेब. महात्मा फुल्यांचं 'विद्येविना मति गेली' हे पूर्ण वचन २० शब्दांचं आहे. अशी पाच घातली की १०० शब्द झाले, म्हणजे ३०० शब्दांच्या निबंधाचा तिसरा हिस्सा उसना. एवढ्या निबंधाला एक अवतरण पुरतं, फार तर दोन.

'स्पष्टीकरण लागत नाही' हे सगळ्यांत घातक. हेच वचन घ्या. विद्या, मती, नीती, गती, वित्त अशी ती साखळी आहे आणि तिच्यात 'वित्ताविना शूद्र खचले' ही कडी आहे. पुष्कळदा नेमकी हीच गाळून वचन लिहिलं जातं. मग फुल्यांनी ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूसच नाहीसा होतो आणि 'शिका, मोठे व्हा' छापाचं सुभाषित उरतं. हे शब्द १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधले, शेतकऱ्याच्या दैन्याबद्दलचे आहेत. (हा ग्रंथ सयाजीराव महाराजांनी खुद्द फुल्यांकडून वाचून घेतला होता, बडोद्याच्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवं.)

आता मुलं लिहितात कसं ते बघा: 'शिक्षण महत्त्वाचे आहे. "विद्येविना मति गेली." म्हणून सर्वांनी शिकावे.' मधली ओळ अधांतरी लटकते. कोण, कशाबद्दल बोलतंय ते आधी नाही, आणि पुढचं वाक्य त्या ओळीला शिवतही नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल:

'शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा आपण पावसापासून सुरू करतो, फुले विद्येपासून करतात. त्यांच्या मते "इतके अनर्थ एका अविद्येने केले". वाचता येत नसेल तर सावकाराने लिहिला तो आकडा खरा मानावा लागतो.'

इथे पूर्ण वचनाची गरजच पडली नाही. शेवटचे पाच शब्द पुरले.

सांधा निखळतो तो बहुतेक वेळा व्याकरणात. 'फुले म्हणतात की "…" असे म्हणतात' यात 'की' आणि 'असे' दोन्ही आले, एकच ठेवा. विभक्तीचंही तसंच. 'फुले "एका अविद्येने केले"ला दोष देतात' हे वाक्य चालत नाही. अवतरणातले शब्द बदलायचे नाहीत, आपलं वाक्य बदलायचं: 'फुले सगळा दोष "अविद्ये"ला देतात.' प्रत्यय चिन्हाबाहेर. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं द्या.

वेगळी ओळ अभंगाच्या दोन-चार चरणांना शोभते. तीन शब्दांच्या तुकड्याला नाही. रंगीत पेनाने विचार ठळक होत नाही. सुरुवातीला अवतरण हवंच असेल, तर दुसऱ्याच वाक्यात त्याच्याशी वाद घाला किंवा त्याला दाखला द्या.

आणि परीक्षेत शब्द नेमके आठवले नाहीत, तर अंदाजाने चिन्हांत कोंबू नका. चिन्हं काढा, नाव ठेवा, अर्थ आपल्या भाषेत लिहा.