तिकिटं मैदान बघून विकली, ओतणारे हात बघून नाही

आधीच सांगते, मला वाइन आवडते, खाणं त्याहून जास्त आवडतं आणि चांगल्या चवीसाठी पैसे मोजताना मी कुरकुर करत नाही. त्यामुळे ही पोस्ट ‘काय ही नवीन थेरं’ या चालीवर वाचू नका. या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका मोठ्या लॉनवर फूड अँड वाइन टेस्टिंग फेस्टिव्हल झाला. मी, नवरा आणि माझी नणंद असे तिघे गेलो होतो. आयोजकांचं नाव घेत नाही. असे सोहळे हल्ली सगळीकडे एकाच साच्यातून निघतात आणि माझं भांडण त्या साच्याशी आहे.

तिकीट माणशी 2,500 रुपये. नवरा पीत नाही, त्याला ॲसिडिटी आहे. तो बिचारा गाडी चालवायला आणि खायला आलेला, त्यालाही 2,500. एवढ्यात मिळतं काय, तर आत जायला मिळतं. जाहिरातीत काचेचा वाइन ग्लास होता, गेटवर हातात प्लास्टिकचा आला. "सेफ्टी इश्यू आहे मॅडम." मग मनगटावर पट्टा बांधला, त्यात किमान हजार रुपये भरून घेतले आणि उरलेले परत मिळणार नाहीत ही ओळ इतक्या बारीक अक्षरांत की नणंदेनं मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचली. आत 60 मिलीच्या एका चाखणीला 200 रुपये. तीच बाटली दुकानात साडेनऊशेला मिळते. साडेसातशे मिलीतून साठचे बारा पेग, म्हणजे बाटलीमागे 2,400. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे वर मसाल्याच्या वाटीचंही भाडं लावलं होतं.

पण पैशांचा राग मी गिळला असता. लॉनचं भाडं, एक्साइजची परवानगी, गाणारे, लाइटवाले, सगळ्यांचे पैसे कुठून तरी यायचेच. खरी गोम वेगळीच आहे.

एका स्टॉलवर ओतायला दोन पोरं. गिऱ्हाइकानं पट्टा पुढे करायचा, मशीन अडकणार, पुन्हा पट्टा पुढे करायचा, मग बाटली शोधायची, मापानं ओतायची. एका माणसाला दीड-दोन मिनिटं जातातच. म्हणजे दोघं मिळून तासाला साठ-सत्तर लोकांना देणार. वाइनचे स्टॉल दहाएक होते. तासाला सहा-सातशे पेले, तेही कुणी लघवीला गेलं नाही तर. आणि आत माणसं दोन-अडीच हजार तरी असतील. म्हणजे चौघांमागे तासाला एक पेला! हा हिशोब करायला मॅनेजमेंटची डिग्री लागत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढपी किती लागतील हे आपल्या गावातला कुठलाही आचारी मंडपात पाऊल टाकताच सांगतो. इथे मात्र लॉनवर माणसं किती मावतील तेवढी तिकिटं विकली. ओतणारे हात किती, हे कुणी विचारलंच नाही.

मग पुढचं सगळं ओघानंच आलं. अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर 60 मिली कोण घेणार? लोक पूर्ण ग्लास घ्यायला लागले, मग दोन-दोन. खाण्याच्या रांगा त्याहून मोठ्या, त्यामुळे बरेचसे रिकाम्या पोटी. वाइन म्हटली तरी तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं तिच्यात. अंधार पडेपर्यंत फिरत्या शौचालयांच्या मागे काय चित्र होतं ते लिहीत नाही. जगभर वाइन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून थुंकतात, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. अख्ख्या लॉनवर असं एकही भांडं दिसलं नाही. प्यायचं पाणी अर्ध्या लिटरला 100 रुपये.

आमचा पहिला नंबर लागला तेव्हा ऊन कलायचं होतं. मी चेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन मागितली. पोरानं बर्फाच्या टबात हात घातला. बर्फ कधीच विरघळला होता, कोमट पाण्यात बाटल्या तरंगत होत्या आणि लेबलं सुटून टबाच्या तळाशी बसली होती. त्यानं तीन बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि मला विचारलं, "व्हाइटच पाहिजे ना?" मी म्हटलं, "अरे, चेनिन आहे की सॉविन्यॉ?" तो हसला. "मॅडम, मी आजचाच आहे." त्याच्यावर अजिबात राग नाही. कॉलेजचा पोरगा, दुपारपासून उभा, त्याला कुणी काही शिकवलेलं नाही आणि त्याच्यामागे तीसेक माणसं "लवकर, लवकर" करतायत. ओतलेली वाइन चहा गार झाल्यावर लागतो तितपत कोमट होती. व्हाइट वाइन आठ ते बारा अंशांना द्यावी म्हणतात. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हे आपल्याकडे सगळे ऐकून असतात, पण ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. फेब्रुवारीतल्या दुपारी उन्हात ठेवलेल्या शिराझचा वास घेतला तर द्राक्ष बाजूलाच, आधी स्पिरिट नाकात जातं. वर प्लास्टिकचा ग्लास, त्याला त्याचा स्वतःचा वास.

खाण्याचंही बघा. त्या शिराझच्या अगदी शेजारी ‘मिसळ स्लायडर’चा स्टॉल, किंमत 350. पावाच्या बाळाएवढ्या दोन बनमध्ये मटकी आणि वर झणझणीत तर्री. जागेची वाटणी करणाऱ्यानं एकदा तरी एकत्र खाऊन पाहायचं होतं. रेड वाइनमधला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी भडकवतात. नणंदेच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं जाहीर केलं की वाइन वाईट आहे. वाइन वाईट नव्हती गं. तीच मिसळ गार, किंचित गोडसर चेनिनबरोबर दिली असती तर तिनं दुसऱ्यांदा मागितली असती. असं सांगणारा एक माणूस तिथे हवा होता, त्यासाठीच तर ‘टेस्टिंग’चं तिकीट. ट्रफल वडापावबद्दल मी बोलणार नाही.

माझ्या मामांची नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. थोडा तुकडा वायनरीच्या करारावर, बाकी खायची द्राक्षं. लहानपणापासून ऐकत आले: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड छाटणी, मग जानेवारी ते मार्च काढणी आणि त्या तीन महिन्यांत आभाळ भरून आलं की घरात कुणी नीट जेवत नाही. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, त्यासाठी घड औषधात बुडवतात, विरळणी करतात. वाइनच्या द्राक्षाचं उलटं. मणी लहान, साल जाड, आत बिया. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, म्हणून रसाच्या मानानं साल जास्त हवी. वायनरीवाले येऊन आधी गोडी मोजतात, ब्रिक्स म्हणतात तिला, मग तोडणीची तारीख ठरते. हे सगळं मामा पाच मिनिटांत, बांधावर उभे राहून, समोरच्याला खिळवून ठेवत सांगतात. फेस्टिव्हलमध्ये द्राक्षाचे घड होते. सेल्फीच्या भिंतीवर, प्लास्टिकचे.

एका छोट्या वायनरीचा माणूस मात्र भेटला, तळमळीचा. त्याला सांगायचं खूप होतं, पण डीजेच्या दणक्यात तो माझ्या कानाशी ओरडत होता आणि मी मान डोलवत होते. स्टॉलचं भाडं ऐकून मी गप्पच झाले. ते वसूल करायला त्याला चाखण्या विकाव्याच लागतात, बोलत बसणं परवडत नाही. रुतलेला तोही, आपणही.

इतकं होतं तर गेलीस कशाला, असं सासूबाईंनी विचारलंच. कारण अशा जागेची आपल्याला खरंच गरज आहे. महाराष्ट्रात वाइन काही कालची नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळ वाइन करून परदेशात पाठवली. 2000 साली नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या आल्या, 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, पुढे अकलूजकडेही इटालियन जातींचे मळे उभे राहिले. पण सामान्य माणूस वाइन घेतो कुठे? वाइन शॉपच्या जाळीतून. मागे क्वार्टरवाल्यांची रांग, पुढे घाईतला दुकानदार. "कुठली चांगली?" विचारलं की महागातली पुढे सरकवणार. सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं जानेवारी 2022 मध्ये घेतला होता. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला आणि तो कागदावरच राहिला. त्याच्या बाजूनं आणि विरोधात दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे, तो वाद आज नको. मुद्दा एवढाच की घेण्याआधी चाखायची सोय आपल्या शहरांत जवळजवळ नाही. म्हणून लोक अडीच हजार मोजून लॉनवर जातात.

गर्दी असली की हे असंच होणार, असंही काहीजण म्हणाले. नाही पटत. माझा भाऊ जर्मनीत मानहाइमला असतो. तिथून ट्राममध्ये बसून बाड ड्यूर्कहाइमच्या वुर्स्टमार्क्टला जाता येतं. वाइनचा हा उत्सव सहाशेहून जास्त वर्षं चालू आहे, लाखो लोक येतात आणि आत जायला तिकीट नाही. लांबच लांब बाकं, अर्ध्या लिटरचे खळग्या-खळग्यांचे काचेचे ग्लास, एक ग्लास टेबलावर हातोहात फिरतो, अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात. वाइनमध्ये सोडा घालून खुशाल पितात. तिथे कुणी नाक खुपसून ‘लिचीचा वास येतोय’ म्हणत नाही. ती सरळसरळ जत्रा आहे, जत्रेच्याच भावात. आमच्या लॉनवर पैसे घेतले रसिकांच्या बैठकीचे आणि दिली जत्रा, तीही बसायला बाकं नसलेली.

आयोजकांना मेल केली आहे. वेळेनुसार तिकिटं विका, दुपारची वेगळी, संध्याकाळची वेगळी. तिकिटात पाच-सहा चाखण्या द्या, पाव पेगाच्या असल्या तरी चालतील, पण काचेत आणि गार. पाणी फुकट ठेवा. न पिणाऱ्याचं तिकीट निम्मं करा. ओतणाऱ्या पोरांना आदल्या दिवशी दोन तास बसवून शिकवा, त्यांनाही आवडेल. पट्ट्यात उरलेले 340 रुपये परत मागितलेत, ते तत्त्वाचा प्रश्न म्हणून. उत्तरात ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’ एवढं आलं आणि त्याखाली पुढच्या वर्षीच्या अर्ली बर्ड तिकिटाची लिंक.

तोवर ज्यांना खरंच चाखायचंय त्यांनी सरळ नाशिक गाठा. सुलानं गंगापूर धरणाजवळ 2005 पासून टेस्टिंग रूम चालवली आहे, आसपास आणि दिंडोरी-इगतपुरीकडे लहान-मोठ्या आणखी वायनरी आहेत. काही ठिकाणी आधी फोन करावा लागतो. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळा, बुधवार-गुरुवार धरा. ओळीनं पाच-सहा वाइन देतात, आधी हलक्या, मग जड, गोड शेवटी. ओतणारा माणूस प्रश्नांची उत्तरं देतो, टाक्या आणि पिंपं दाखवतो. आमच्या लॉनवरच्या तिकिटात हे बहुतेक ठिकाणी होऊन वर जेवणाला पैसे उरतात. काढणी चालू असताना गेलात तर ट्रॅक्टरमधून क्रेट उतरतानाही दिसतील. नणंदेला पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहे, चेनिनशी तिचा समेट घडवायचाय. फक्त गाडी चालवायला न पिणारा एक माणूस सोबत ठेवा. आमच्याकडे ॲसिडिटीमुळे तो मान कायमचा ठरलेला आहे.